समोर होतं कोण? पन्नास-शून्य, खाशाबा जाधव आणि आमचे तात्या

या वेळचा एपिसोड मी पुण्याच्या खोलीतून नाही, मुदखेडहून, घराच्या गच्चीवरून रेकॉर्ड केलाय. त्यामुळे मधेच रेल्वेचा हॉर्न ऐकू येईल. जंक्शन आहे आमचं, त्याला इलाज नाही. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त "म्हणजे", "म्हणजे" तेवढे कमी केलेत.

जे पहिल्यांदाच आलेत त्यांना सांगतो. मी नांदेडला बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुट्टीत गावी येतो, फुलांच्या वावरात चार दिवस मिरवतो, आणि परत जातो. बॉक्सिंग बघायचं वेड मला हॉस्टेलवर लागलं. रात्री तीनला उठून लढत बघायची आणि सकाळच्या लेक्चरला झोपायचं, हा आमचा अभ्यासक्रम.

तर झालं असं. दिवाळीत आम्ही चौघं जुने मित्र स्टेशनजवळ चहाला बसलो होतो. एकानं विषय काढला, "मेवेदरच सगळ्यात भारी. पन्नास लढती, पन्नास विजय. विषय संपला." दुसरा लगेच तापला. "अरे पन्नासावी कोणाशी होती? मॅकग्रेगरशी. त्याची ती पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत होती. पहिलीच! तिला काय लढत म्हणायचं?" झालं. चहाचे तीन राउंड झाले, पण निकाल काही लागला नाही.

मी दुसऱ्या बाजूचा होतो. माझं म्हणणं एकच, आकडा बघू नका, समोर कोण होतं ते बघा. आणि त्याच तारेत मी घरी आलो.

घरी ओट्यावर तात्या बसले होते. तात्या म्हणजे माझे मोठे काका. तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या खेळायचे. आमच्या घरात एक गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, की तात्या सलग तीन वर्षं एकही कुस्ती हरले नाहीत. एक चांदीचं कडं आणि एक पितळी घागर अजून घरात आहे. तात्यांनी मला विचारलं, "कशावरून भांडण चाललं होतं रे?" मी सगळं सांगितलं. ते हसून म्हणाले, "आपणबी तीन वर्षं हरलो नव्हतो बरं का."

आणि मी बोलून गेलो, "तात्या, पण तुमच्यासमोर होतं कोण?"

मस्करीत म्हणालो होतो. तात्या काही बोलले नाहीत. उठले, चप्पल घातली आणि वावराकडं निघून गेले. रात्री जेवायला बसले तेव्हाही माझ्याशी बोलले नाहीत. आईनं माझ्याकडं असं बघितलं की भाकरी घशात अडकली.

म्हणून हा एपिसोड. स्टेशनवर जो प्रश्न मला एवढा हुशारीचा वाटत होता, तो घरात विचारल्यावर एवढा का लागला? प्रश्न चूक होता का? की मी तो अर्धाच विचारला होता?

आधी बॉक्सिंगचं बघू. नुसता आकडा फसवतो, हे तर खरंच आहे. रॉकी मार्सियानो, हेवीवेट, ४९ लढती, ४९ विजय, एकही हार नाही. पण १९५१ मध्ये त्यानं जो लुईला हरवलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता, त्याचे दिवस सरले होते. १९५२ मध्ये ज्याच्याकडून त्यानं जगज्जेतेपद घेतलं तो वॉलकॉट ३८ वर्षांचा. मेवेदर आणि पॅकियाओची लढत लोक किती वर्षं मागत होते. ती झाली मे २०१५ मध्ये, तेव्हा एक ३८ चा आणि एक ३६ चा. दोघंही पाच-सहा वर्षं आधी भेटले असते तर काय झालं असतं, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

उलट मोहम्मद अली बघा. ६१ लढती, ५६ विजय, ५ पराभव. नुसत्या आकड्यावर गेलात तर अली मार्सियानोच्या खाली. पण तो हरला कोणाकडून? पहिली हार जो फ्रेझरकडून, १९७१ मध्ये. मग १९७४ आणि १९७५ मध्ये त्याच फ्रेझरला दोनदा हरवलं. केन नॉर्टनकडून हरला, त्यालाही परत हरवलं. मधे १९७४ मध्ये किन्शासाला जॉर्ज फोरमनला झोपवलं, ज्याला तेव्हा कोणी हरवेल असं वाटत नव्हतं. म्हणजे अलीच्या पराभवांची यादीसुद्धा काहीजणांच्या विजयांच्या यादीपेक्षा वजनदार आहे.

इथपर्यंत माझ्या मित्राचं आणि माझं म्हणणं बरोबर. आता थोडं माझ्या धंद्याकडे येतो. घाबरू नका, कोड लिहायला लावणार नाही.

बुद्धिबळात एलो रेटिंग असतं, तुम्ही ऐकलं असेल. आर्पाद एलो नावाच्या, हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकानं ही पद्धत बसवली, आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेनं ती १९७० मध्ये स्वीकारली. कल्पना साधी आहे. समोरचा तुमच्या बरोबरीचा असेल तर तुमच्याकडून अर्ध्या गुणांची अपेक्षा. तुम्ही २०० पॉइंटनी वरचढ असाल तर शंभरातले साधारण ७६ गुण तुम्ही घ्यायला हवेत. ४०० नी वरचढ असाल तर ९१. म्हणजे कच्च्या खेळाडूला हरवलं तर फारसं काही मिळत नाही, पण त्याच्याकडून हरलात तर बरंच जातं. भारी खेळाडूला हरवलं तर झोळी भरते, आणि त्याच्याकडून हरलात तरी विशेष काही जात नाही. "समोर कोण होतं" हा प्रश्न गणितात बसवला की एलो तयार होतं.

पण यात एक अट आहे, आणि ती आम्ही चहाच्या टपरीवर विसरलो होतो. हे गणित चालायला खेळाडू एकमेकांना जोडलेले लागतात. समजा मुदखेडच्या आखाड्यातले पन्नास पैलवान फक्त आपसात खेळतात, आणि कोल्हापूरच्या तालमीतले पन्नास फक्त आपसात. इकडचा एकही तिकडच्या एकाशीही कधी भिडला नाही. मग मुदखेडचा पहिला कोल्हापूरच्या पहिल्यापेक्षा भारी की हलका, हे जगातला कुठलाही कॉम्प्युटर सांगू शकत नाही. डेटाच नाही. तो भारी नाही असं नव्हे, आणि आहे असंही नव्हे. त्याचं उत्तर फक्त "माहीत नाही" एवढंच. दोन्हीकडचे निदान काहीजण भिडले पाहिजेत, मग कुठं दोन्ही गावं एका नकाशावर येतात.

आता ही गोष्ट डोक्यात ठेवा आणि माझ्याबरोबर कराडजवळच्या गोळेश्वरला चला.

खाशाबा जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा माणूस. १९५२, हेलसिंकी, फ्रीस्टाइल कुस्ती, ५७ किलो, कांस्य. शाळेत एक ओळ असते एवढी. आणि मग कोणीतरी म्हणतं, "कांस्यच ना?" तेव्हा आपण त्यांच्यासमोर होतं कोण ते बघू.

त्याआधी चार वर्षं मागे, १९४८, लंडन. खाशाबा तेव्हा बावीस वर्षांचे, ५२ किलो गटात उतरले. मातीत घडलेला पैलवान, मॅटची सवय नाही. तरी सहावा नंबर आला. खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला होता. आता त्या लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कोण नव्हतं? दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, म्हणून जर्मनी आणि जपानला बोलावणंच नव्हतं. सोव्हिएत संघही उतरला नव्हता.

१९५२ ला हे तिन्ही देश हजर. सोव्हिएत संघाचं तर ते पहिलंच ऑलिंपिक. म्हणजे हेलसिंकीचा आखाडा लंडनपेक्षा जास्त भरलेला. आणि खाशाबांचा रस्ता बघा. कॅनडाच्या पोलिकँला हरवलं. मेक्सिकोच्या बासुर्तोला हरवलं. मग जर्मनीच्या श्मिट्झला हरवलं. पुढे दोन कुस्त्या हरले. एक जपानच्या शोहाची इशीकडून, दुसरी सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हकडून.

त्या गटाचा अंतिम निकाल काय? सुवर्ण इशी. रौप्य मम्मदबेयोव्ह. कांस्य खाशाबा जाधव.

म्हणजे अख्ख्या स्पर्धेत ते फक्त दोघांकडून हरले, आणि ते दोघं पहिले आणि दुसरे आले. इशीचं ते सुवर्ण त्या ऑलिंपिकमधलं जपानचं एकमेव सुवर्ण होतं. लंडनला जे तीन देश दाराबाहेर होते, त्या तिघांचेही मल्ल हेलसिंकीत खाशाबांच्या वाट्याला आले. वजनगट वेगळे होते, म्हणून दोन स्पर्धांची आकड्याला आकडा लावून तुलना नको. पण एवढं तर दिसतं, की आखाडा अवघड झाला आणि हा माणूस सहाव्यावरून तिसऱ्यावर आला.

आणखी एक गोष्ट सांगितली जाते. इशीबरोबरची कुस्ती लांबली, खाशाबा थोडक्यात हरले, आणि मधे नियमाप्रमाणे विश्रांती न मिळता त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं राहावं लागलं. बाजू मांडायला तिथं आपला कोणी अधिकारी हजर नव्हता. हे जमेला धरा किंवा सोडून द्या, निकालाचा कागद तसाही पुरेसा बोलतो.

पण मंडळी, माझी खरी अडचण इथून सुरू होते. खाशाबा हेलसिंकीला पोचले म्हणून हा कागद तयार झाला. आणि पोचणं सोपं नव्हतं. निवडीत आपल्यावर अन्याय झाला असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, कुस्ती पुन्हा लावली गेली आणि ती त्यांनी जिंकली. मग पैशाचा प्रश्न. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, असं सांगतात. बाकी गावकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. परत आले तेव्हा कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

आता विचार करा. ते घर गहाण पडलं नसतं तर? खाशाबा तेच राहिले असते. तोच दम, तेच डाव. फक्त आपण आज म्हणालो असतो, "हो, होते एक पैलवान कराडकडं. पण त्यांच्यासमोर होतं कोण?"

"समोर कोण होतं" या प्रश्नाच्या पोटात अजून दोन प्रश्न असतात, ते मी विसरलो होतो. एक, चांगली जोड टाळली कोणी? आणि दोन, चांगल्या जोडीपर्यंत पोचायचं भाडं कोणाकडं होतं? मेवेदरकडं पैसा होता, निवड त्याच्या हातात होती. त्याला हा प्रश्न खुशाल विचारा. तो त्याच्या निवडीचा हिशोब आहे. पण ज्याच्या हातात निवडच नव्हती, त्याला तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला तर तो प्रश्न राहत नाही, टोमणा होतो.

आमच्या शेजारचंच एक उदाहरण देतो. मुदखेडहून सिकंदराबादच्या गाडीत बसलं की वाटेत निजामाबाद लागतं. निखत झरीन तिथली. २०१९ मध्ये तिनं जाहीरपणे मागणी केली, की ऑलिंपिक पात्रतेसाठी मेरी कोमशी माझी चाचणी लढत घ्या. डिसेंबरमध्ये लढत झाली आणि निखत ९-१ नं हरली. सोशल मीडियावर तिची टर उडवली गेली. पण तिनं जोड मागून घेतली होती, टाळली नव्हती. २०२२ ला इस्तंबूलमध्ये ती जगज्जेती झाली, २०२३ ला दिल्लीत पुन्हा.

मग पॅरिस, २०२४. तिला मानांकन नव्हतं. पहिली लढत जिंकली आणि दुसऱ्याच लढतीत समोर चीनची वू यू, गटातली पहिली मानांकित. ५-० नं हरली. आमच्या ग्रुपवर तेव्हा मेसेज होता, "प्री-क्वार्टरलाच बाहेर, फुसका बार." मीही त्यावर अंगठा दाखवला होता, कबूल करतो. पुढे त्या वू यूनं सुवर्ण घेतलं. ड्रॉमध्ये तीच वू यू पलीकडच्या बाजूला असती तर काय झालं असतं, माहीत नाही. पण "दुसऱ्या लढतीत हरली" आणि "सुवर्ण जिंकणारीकडून हरली" ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि आपण पहिलंच लक्षात ठेवतो.

तर हे सगळं दोन दिवस डोक्यात घोळवून मी तात्यांकडं गेलो. ते वावरात फुलं तोडत होते. पहाटेची वेळ, कारण फुलं लवकर बाजारात जावी लागतात. मीही टोपली घेतली. थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग म्हणालो, "तात्या, परवा चुकलं माझं. मला सांगा, तुम्ही हरलात कोणाकडून?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "हे घरात कुणीच इचारलं नाही आजवर."

आणि मग सांगितलं. आधी जत्रेतल्या कुस्त्या कशा लागायच्या ते. लहान पोरांच्या रेवड्यांवर, मग नारळावर, मग रुपयांवर, आणि शेवटी मानाची. पंच पैलवानाला हाताला धरून फडात फिरवायचे, हलगी वाजायची, आणि बघणाऱ्यांतून कोणीतरी उठून जोड म्हणून पुढं यायचा. कोणीच उठलं नाही तर तसंच परत फिरायचं. तात्या म्हणाले, "जोड पंच लावतेत, लेकरा. आपण काय यादी करून जात नव्हतो. उठंल त्याच्यासंगं खेळायचं. कितींदा तर कुणी उठायचंच नाही. मंग घरी येऊन आई म्हणायची, जिंकला का? म्हणायचो, हो."

मी विचारलं, "मग मोठ्या तालमीत का नाही गेलात? कोल्हापूरला?"

"खुराक कुणी दिला असता? दूध, बदाम, तूप. घरात चार भावंडं. एक हंगाम वावर सोडलं असतं तर बाकीच्यांनी काय खाल्लं असतं? तुझ्या बापाची शाळा होती."

मंडळी, हे मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांची शाळा, त्यातून त्यांची नोकरी, त्यातून माझं बीटेक.

मग तात्यांनी ती हार सांगितली. माळेगावच्या यात्रेत. आमच्याकडची ही सगळ्यात मोठी यात्रा, लोहा तालुक्यात, खंडोबाची. तिथं दंगलीला लांबलांबून पैलवान येतात. तात्यांची तीन वर्षं चाललेली घोडदौड होती, पंचांनी फिरवलं, आणि हैदराबादकडच्या एका पैलवानानं हात वर केला. "अंगानं माझ्याएवढाच. वाटलं, होऊन जाईल. हात धरला तवाच कळलं, हे येगळं काम हाय. पाच मिनटंबी टिकलो नाही. पाठ लागली."

"मग?"

"मग काय. त्यानं मला उठवलं, पाठीवरची माती झटकली. म्हणाला, ताकद आहे, तालीम कर. मला इतका आनंद झाला की इचारू नको. हरलो म्हणून नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं, आपण कुठं हाव ते."

मी टोपली धरून तसाच उभा राहिलो. एलो, नकाशा, डेटा, मी एवढी मोठी बडबड केली, आणि तात्यांनी तीच गोष्ट माती झटकत सांगितली. त्या एका हारेनं ते नकाशावर आले होते. आणि घरी येऊन त्यांनी ती हार कोणाला सांगितली नाही. घरात तीन वर्षांच्या विजयांची गोष्ट राहिली, कारण ऐकणाऱ्याला तीच हवी होती. मी "समोर होतं कोण" म्हणालो तेव्हा त्यांना काय आठवलं असेल, ते आता मला कळतं. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना माझ्याआधी पन्नास वर्षं ठाऊक होतं.

मी विचारलं, "त्या पैलवानाचं नाव काय?" म्हणाले, "नाव कशाला लक्षात राहतंय. हात लक्षात हाय."

असो. आता तुमच्यासाठी काम. पुढच्या वेळी कोण भारी यावर भांडण होईल, आणि होणारच, भांडलंच पाहिजे, तेव्हा आकडा सांगणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. एक, समोर कोण होतं. दोन, ते त्यानं निवडलं होतं की त्याच्या वाट्याला आलं होतं. तीन, तो हरला कोणाकडून. तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. मेवेदरचे फॅन तिथं अडकतील, कारण त्याला उत्तरच नाही. अडकू द्या, मजा येते.

आणि तुमच्या घरात, गल्लीत, गावात कोणी जुना पैलवान, कबड्डीवाला, धावणारी मावशी असेल, तर एकदा जाऊन विचारा. जिंकल्याचं नाही, हरल्याचं. त्यांना चालणार असेल तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून मला पाठवा, मी एक अख्खा एपिसोड त्यांचाच करतो. फोनमध्ये एवढी जागा असते, रीलनी भरण्यापेक्षा बरी.

तात्या खाली हाका मारतायत. उद्या सकाळी फुलं तोडायला परत जायचंय, म्हणजे चारला उठणं आलं. या वेळी बॉक्सिंगसाठी नाही.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.